ठोकळ्याची पाठ

२ फेब्रुवारी

धाकटे,

तो ठोकळा कुठे आहे हे विचारून विचारून माझा जीव कंटाळला. मागच्या पत्रात विचारलं, त्याच्या आधीच्या पत्रात विचारलं, आणि तू मला काय लिहितेस, तर तुमच्याकडे ट्राम पुन्हा सुरू झाली, संग्रहालयात नवी कपाटं आली, तुला खिडकीजवळचं टेबल मिळालं. आनंद आहे. मी कपाटाचं विचारलं नव्हतं. तुझ्या दादाने खोदलेल्या लाकडी ठोकळ्याचं विचारलं होतं. बेकरीसमोरच्या गोळीबाराचा, जो तू इथून पळताना स्वेटरात गुंडाळून नेलास तो.

नेलास त्याचा राग नाही. इथे राहिला असता तर त्या थंडीत मीच तो चुलीत घातला असता, पहिल्या नवऱ्याची आठवण वगैरे काही बघितलं नसतं. पहिला म्हणजे एकुलता एक, दुसरा काही कोणी विचारायला आलेला नाही. पण त्याचे ठसे काढून जगभर वाटायला तुला कोणी सांगितलं? आधी पेपरात, मग त्या जाडजूड पुस्तकात, आणि आता नगरपालिकेच्या भिंतीवर. दारापेक्षा मोठा करून लावलाय. पाण्याच्या रांगेत उभं राहिलं की तोच समोर. नळाला येतं तेही गंजलेलं, पत्ती न टाकताच चहा तयार. बघत बसायचं.

तर ऐक. जुनं सरकार पडल्यावर जी चौकशी समिती बसलीय, त्यांची माणसं मागच्या आठवड्यात आली आणि माझ्या भावाला उचलून घेऊन गेली. का, तर त्या ठशात बंदूकवाला आपल्याकडे पाठ करून उभा आहे, तोंडाला फडकं गुंडाळलेलं, बंदूक डाव्या खांद्याला आणि बोट डाव्या हाताचं. बेकरी कोणाची? माझ्या भावाची. गावात डावखुरा बेकरीवाला कोण? हाच. सख्ख्या आईनेसुद्धा त्याला नावाने हाक मारली नाही, डावरा म्हणूनच मारली. झालं, धरला.

बारा एप्रिलला त्याचा निकाल आहे. समितीकडे दोनच शिक्षा आहेत, आणि त्यातली एक म्हणजे सोडून देणं.

माझ्या भावाने गोळी झाडलेली नाही. मी समोरच्या खिडकीत होते, माझ्या डोळ्यांनी बघितलंय. पण बहिणीची साक्ष घेत नाहीत. म्हणून तो ठोकळा पाहिजे. दर आठवड्याला तुमच्या शहरातून सिमेंटचा ट्रक येतो. ट्रकवाला ओळखीचा आहे, तोच पत्रं नेतो, वस्तूही आणेल. का पाहिजे ते लांबलचक आहे, माझ्याच्याने इतकं लिहवत नाही. तीन इयत्ता शिकलेय मी, जोडाक्षर आलं की घाम फुटतो. पाठव म्हणजे पाठव.

वहिनी


१५ फेब्रुवारी

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं. तुमच्या भावाला अटक झाल्याचं मला आधीच समजलं होतं, कारण समितीने मलाही पत्र पाठवून विचारलं होतं की हा ठसा अस्सल आहे का, दादानेच खोदला का. मी होय असं लिहून सही केली आहे.

तुम्ही दादाबरोबर संसार केलात. तो कसा होता ते तुम्हाला मी सांगायला नको. त्याने कधी कोणाला सुंदर केलं नाही आणि कधी कोणाला सोडलं नाही. मेलेला घोडा असेल तर मेलेला घोडा. पुलावर टांगलेली माणसं असतील तर तेवढीच, एक जास्त नाही. लोक त्याला म्हणायचे, जरा रडणारी आई दाखव. तो विचारायचा, कोण रडत होती? इथे संग्रहालयात लोक त्याच्या ठशांसमोर येतात आणि बोलता बोलता गप्प होतात. दुःख झालं म्हणून नाही. आता खोटं बोलायला जागा नाही हे त्यांना कळतं म्हणून.

दादाने बंदूक डाव्या हातात खोदली, म्हणजे ती डाव्या हातात होती.

तुमच्या भावाने जबाबात काय सांगितलं ते मला समितीने कळवलं आहे. म्हणे त्या दिवशी बेकरी बंद होती आणि तो गावातच नव्हता. बंद बेकरीसमोर रांग लागते का, वहिनी? माझा नवरा त्या रांगेत होता. पाव घेऊन येतो म्हणून गेले. ते कोपऱ्यावर एका गोळीत गेले, त्यांना कळलंसुद्धा नाही, हे तुम्हीच मला सांगितलंत. तेवढ्या एका वाक्याच्या आधारावर मी आजवर उठते, बसते, जेवते. आता ती गोळी कोणाची हे समोर येतंय, आणि नेमका आत्ताच तुम्हाला ठोकळा पाहिजे. कशाला? चुलीत घालायला?

ठोकळा मी संग्रहालयाला दिला. तो फळीवर बसवून भिंतीवर लावला आहे. तो परत मिळणार नाही.

तुमची नणंद


२४ फेब्रुवारी

तुम्ही?

तुझ्या डोक्यातल्या उवा काढल्या मी. लग्न होऊन आले तेव्हा एवढीशी होतीस आणि माझ्या पदराला नाक पुसायचीस. आणि आता मला तुम्ही. लिही, लिही. पण ऐकून घे.

छापखान्यात जन्मलीस तू, तुला मी शिकवायचं? ठोकळ्यावर जे डावीकडे ते कागदावर उजवीकडे उतरतं. म्हणून तुझा दादा आधी कागदावर चित्र काढायचा, मग कागद पालथा करून ठोकळ्यावर गिरवायचा, मग खोदायचा. मग ठसा सुलटा यायचा. सगळे ठोकळे असेच केले त्याने. हा एक सोडून.

हा का सोडून ते सांगते. तेव्हा झडत्या चालल्या होत्या. घरात चित्राचा कागद सापडला की माणूस गेलाच. लाकूड मात्र कोणी बघत नव्हतं. फळीचे तुकडे सगळ्यांच्याच घरात, जाळायला. म्हणून त्याने कागद सोडून दिला. गोळीबार झाला तेव्हा तो खिडकीत होता, ठोकळा मांडीवर घेतला आणि टोच्याने जसं दिसलं तसं थेट लाकडावर ओरखडत गेला. नंतर त्याच रेघांवर खोदलं. मी म्हटलं, अहो उलटं उतरेल. म्हणाला, उतरू दे, आधी धरून तर ठेवू, मग सुलटा करून दुसरा खोदेन. दुसरा कुठला खोदतोय. त्याच हिवाळ्यात छाती भरली आणि आटोपला.

पहिला ठसा काढला तो मी. शाई लावली, वर कागद ठेवला, चमच्याची पाठ घासली. उलटा होता. मला माहीत होतं. मला काय माहीत की तो उद्या भिंतीवर लागणार आणि माझ्या भावाचा गळा धरणार?

समितीच्या अध्यक्षांना मी हे सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही. मला खुर्ची दिली. म्हणाले, बाई, ठसा उलटा उतरतो हे मलाही ठाऊक आहे, पण म्हणूनच खोदणारा आधी उलटवून घेतो. तुमच्या मिस्टरांचे बाकीचे ठसे मी नीट पाहिलेत. चौकातलं घड्याळ बरोबर बाजूला, पूल बरोबर बाजूला. मग हा एकच उलटा कशावरून? मी म्हटलं, चला, गल्ली दाखवते. म्हणाले, दाखवा. काय दाखवू? इकडे विटांचा ढीग, तिकडे विटांचा ढीग. बेकरी गेली, आपलं घर गेलं. आपलं घर कुठलं आणि बेकरी कुठली हे मलाच पायाने चाचपून सांगावं लागलं. त्यांचंही बरोबर आहे. पुराव्याशिवाय ते तरी काय करणार. आणि तुझ्या दादाला अक्षरं खोदायचा आळस. बेकरीवरची पाटी कोरी सोडली. एक अक्षर खोदलं असतं तर ते ठशात उलटं दिसलं असतं आणि मी आज तुझ्या पाया पडत बसले नसते.

आता ठोकळा का पाहिजे ते. तो उलटा करून बघितलास का कधी? त्याच्या पाठीवरही खोदलेलं आहे. लढाईच्या आधी माझ्या भावाने पावाच्या कागदी पिशव्यांसाठी बेकरीचं चित्र करून घेतलं होतं. पायऱ्या, शटर, बाजूला दिव्याचा खांब, आणि वर बेकरीचं नाव. नाव आहे म्हणजे ते व्यवस्थित उलटवून खोदलंय, नाहीतर गिऱ्हाईकाने वाचलं कसं असतं? नंतर लाकूड मिळेना म्हणून तुझ्या दादाने त्याच ठोकळ्याच्या कोऱ्या बाजूला गोळीबार खोदला. पिशवीवर खांब बेकरीच्या उजव्या हाताला आहे. गोळीबाराच्या ठशात तो डाव्या हाताला आहे. दोन्ही बाजूंचे ठसे अध्यक्षांच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले की संपलं. बंदूक उजव्या हातात जाते आणि माझा भाऊ सुटतो.

पिशव्या शोधल्या मी. दारोदार फिरले. एक नाही उरली. लोकांनी चुलीत घातल्या, बुटांत कोंबल्या.

जबाबात तो खोटं बोलला. हो, बोलला. घाबरला. समितीची माणसं दारात आल्यावर तू काय खरं बोलली असतीस?

आणि तुझ्या दादाने कोणाला सोडलं नाही म्हणून मला सांगतेस! नाल्याकाठी मेलेल्या माणसाचे बूट ओढून काढताना मला खोदलंय त्याने. माझा पाय त्या माणसाच्या पोटावर, जोर मिळायला. ते बूट कोणासाठी होते? त्याच्याचसाठी! तेच पायात घालून बसला आणि मला खोदत होता. मी म्हटलं, निदान माझं तोंड तरी वळलेलं दाखवा. म्हणाला, वळलेलं नव्हतं. किती दिवस मी त्याच्यापुढे ताट आदळत होते. तो ठसा तुझ्या पुस्तकात पान भरून आहे आणि खाली छापलंय, अनोळखी स्त्री. अनोळखी! चांगली ओळख ठेवलीस.

ठोकळा भिंतीवरून उतरव. संग्रहालयवाल्यांना माझं पत्र दाखव, नाहीतर तुझं टेबल त्यांच्या डोक्यात घाल. पण पाठव.

वहिनी


१२ मार्च

धाकटे,

ट्रक आला, गेला, पुन्हा आला. तुझं काही नाही. ट्रकवाला आता मला लांबून बघूनच मान हलवतो.

परवा भावाला भेटू दिलं. जाळीच्या पलीकडून. अर्धा झालाय. भट्टीत हात घालणारा माणूस, त्याचे हात आता थंडीने फुटलेत. त्याला सांगितलं की ठोकळा मागवलाय, सुटशील. वाटलं होतं तोंड उजळेल. तर म्हणतो, मागवू नकोस ताई.

डोकं ठिकाणावर नाही त्याचं. तू त्याच्या बोलण्यावर जाऊ नकोस. महिना राहिला फक्त. काहीतरी लिही. शिव्या दे, पण लिही.

वहिनी


२० मार्च

वहिनी,

तुझं ते लांबलचक पत्र आलं त्या दिवशी मी ते रागाने खणात टाकलं. मग पुढचं आलं. त्यातलं एक वाक्य मला सोडेना. ज्याला सुटायचं आहे तो माणूस मागवू नकोस असं का म्हणेल?

दुसऱ्या दिवशी दालन उघडायच्या आधी मी हात धुवायच्या जागेवरचा आरसा काढून आणला आणि ठशासमोर धरला. ठोकळा शाईने काळाकुट्ट झालाय, त्यावरून काही उमगत नाही; आरशात उमगलं. इतकं सोपं होतं. मी छापखान्यात वाढले, ठसे भिंतीवर लावणं हे माझं काम आहे, आणि इतक्या दिवसांत मी एकदाही हे केलं नाही. केलं नाही, कारण दादा चुकत नाही हे मला पाठ होतं.

बंदूक उजव्या हातात गेली. ते मी मान्य करते. तुझ्या भावाने गोळी झाडली नाही.

पण आरशात फक्त बंदूकच बाजू बदलत नाही. बेकरीच्या दारात आतून एक माणूस शटर खाली ओढतोय. कमरेपर्यंतच दिसतो. ठशात तो उजव्या हाताने ओढतोय. मी समजत होते तो बेकरीतला कामगार असेल. आरशात तो डाव्या हाताने ओढतोय, वहिनी.

आणि शटरच्या बाहेर जो माणूस गुडघ्यांवर आहे, शटरचा काठ दोन्ही हातांनी धरून. त्याची बोटं आत आहेत आणि अंगठे बाहेर. एका अंगठ्यावर नखाएवढी पांढरी जागा आहे. इथले लोक मला विचारतात हे काय आहे, मी सांगते, खोदताना निघालेला टवका असावा. ठशात ती उजव्या अंगठ्यावर आहे. आरशात डाव्या.

त्या सकाळी डबा उघडताना ह्यांचा डावा अंगठा कापला होता. मीच माझ्या जुन्या ब्लाउजची पट्टी फाडून बांधली होती. घट्ट झाली म्हणाले, सैल केली, मग गेले.

तो ठसा मी स्वतः टांगला. लोकांना काठीने दाखवत आले, हा बंदूकवाला, हे पळणारे लोक, हा एक बाहेर राहिलेला माणूस. बाहेर राहिलेला माणूस असं म्हणत आले.

ठोकळा फळीला सरसाने चिकटवला आहे. मागची बाजू मी पाहिलेली नाही, बसवणाऱ्याने पाहिली असेल आणि त्याला तिचं काही वाटलं नसेल. उपटायला गेलं तर दोन तुकडे होतील असं म्हणतात. मोठ्या साहेबांकडे मी अजून गेलेले नाही. जाईन की नाही ते सांगत नाही.

आधी तू सांग. शटर कोणी ओढलं? आणि कोपऱ्यावर एका गोळीत, हे तुला कोणी सांगितलं?

पुस्तकात अनोळखी स्त्री असं मीच घालायला लावलं होतं. तुझी लाज राखावी म्हणून. तू माझी राखलीस तशीच बहुतेक.

धाकटी


२७ मार्च

धाकटे,

शटर माझ्या भावाने ओढलं.

कोपऱ्यावर एका गोळीत, हे मी रचलं. मला कोणी सांगितलं नाही. तू दारात उभी होतीस, हातात रिकामी पिशवी, आणि मला म्हणालीस, वहिनी, त्रास झाला का गं त्यांना? मी काय सांगायला हवं होतं? तुझं तोंड बघितलं आणि जे जिभेवर आलं ते बोलले. पुन्हा तशी उभी राहिलीस तर पुन्हा तेच बोलेन.

आता खरं सांगते, विचारलंस म्हणून. बसून वाच.

रांग पायऱ्यांवरून खाली गल्लीपर्यंत होती. तोंडाला फडकी बांधलेले बंदूकवाले वरच्या बाजूने आले. एक पुढे, बाकीचे मागे. पहिली गोळी हवेत होती की कोणाला लागली ते मला कळलं नाही. माणसं फुटली, अर्धी गल्लीत पळाली, अर्धी बेकरीत घुसली. माझ्या भावाने शटर ओढायला घेतलं. तुझे मास्तर पायरीवर पडले होते, बहुतेक कोणीतरी ढकललं. ते उठून दाराशी आले तोवर शटर कमरेपर्यंत उतरलं होतं. ते गुडघ्यावर बसले, काठ धरला आणि वर उचलायला लागले. हा आतून दाबत होता. मास्तर काहीतरी बोलत होते. काचेतून मला ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी तुला लिहिलं नसतं. हाक मारून सांगावं तर गल्ली अरुंद, बंदुका खालीच. तुझ्या दादाने माझा दंड धरून ठेवला होता एका हाताने आणि दुसऱ्या हाताने टोचा चालवत होता.

त्यांना एक गोळी पायाला लागली. मग दुसरी. तेव्हा हात सुटले आणि शटर खाली आलं.

आत माणसं होती, मुलं होती, आणखी एक आत घेताना बंदूकवाला आत आला असता, असं भाऊ म्हणतो. असेल. शटर अर्ध्यावर थांबवून माणूस ओढून घ्यायला किती वेळ लागतो, ते मी हजारदा मनात करून बघितलंय. कधी वेळ पुरतो, कधी पुरत नाही. आतली माणसं जगली एवढं खरं. त्यांच्यातलं एकही आज साक्षीला येत नाही. अर्धी देश सोडून गेली आणि उरलेली मला रस्त्यात बघून दुसरीकडे वळतात. साक्ष द्यायची तर मास्तरांचं नाव घ्यावं लागेल ना. आपण आत होतो आणि ते बाहेर होते, हे स्वतःच्या तोंडाने म्हणावं लागेल. कोण म्हणणार?

तुझा दादा नंतर खोदायला बसला तेव्हा मी त्याला म्हटलं, ते हात काढून टाका, बहीण बघेल. तो म्हणाला, होते. मी म्हटलं, मेहुणा आहे तो तुमचा, आणि शटरवाला माझा भाऊ आहे, थोडी तरी लाज धरा. त्याने पुन्हा म्हटलं, होते. एवढंच. अंगठ्यावरची ती पांढरी जागा टवका नाही. जिथलं लाकूड काढलं तिथे शाई लागत नाही, तुला माहीत आहे. तेवढंसं लाकूड त्याने बारीक पटाशीने मुद्दाम काढलं. ते काढताना त्याने मनगट टेबलाला टेकवलं, एवढं मी बघितलं. रडला वगैरे नाही. तू विचारशील म्हणून सांगते.

जबाबात भाऊ खोटं का बोलला ते आता कळलं तुला. तो घाबरला हे मी लिहिलं होतं. समितीला घाबरला असं तू वाचलंस, तसंच वाचावंस म्हणून मी लिहिलं. तो तुला घाबरला. परवा पुन्हा भेटू दिलं तेव्हा मी जाळीला तोंड लावून त्याला झापलं, म्हटलं, ठोकळा नको का, मरायची हौस आहे का. तर म्हणतो, ताई, बंदुकीचं खोटं आहे, ते मी सोसेन. शटरचं खरं आहे. ते मास्तरणीच्या समोर आलं तर मी सुटून कुठे जाऊ? मी म्हटलं, आधी सूट, मग कुठे जायचं ते बघू. भिंतीकडे तोंड करून बसला. असा राग आला की हात पोचला असता तर एक ठेवून दिली असती. तुझं पत्र तोवर आलं होतं. त्याला म्हटलं, तिला कळलंय, आता मरून काही उपयोग नाही. तेव्हा वळला. काय म्हणाली, विचारलं. मी म्हटलं, अजून काही म्हणाली नाही.

अजून काही म्हणाली नाहीस.

ठोकळा समितीपुढे गेला की काय होईल ते मला कळतं. बंदूक उजव्या हातात जाईल आणि शटर डाव्या. अध्यक्ष त्याला सोडतील, कारण शटर ओढण्याला त्यांच्याकडे कलम नाही. गाव त्याला सोडणार नाही. त्याच्याकडून कोणी पाव घेणार नाही. नको घेऊ देत, मी खाईन. रस्त्यात थुंकतील. थुंकू देत. तूही थुंक. समोर येऊन थुंक, मी मध्ये येणार नाही. पण त्याला फासावर जे चढवतायत ते शटरसाठी नाही चढवत. ज्याने मास्तरांना गोळ्या घातल्या तो कुठेतरी उजव्या हाताने जेवतोय. माझा भाऊ लटकला की त्या माणसाला कोणी शोधणार नाही, फाईल बंद. तू समितीला सही करून दिलीस की ठसा अस्सल आहे. अस्सल आहेच तो. पण उलटा आहे. हे दुसरं वाक्यही तुझ्याच सहीने लागेल. माझ्या सहीला कोण विचारतं.

त्याला माफ कर असं मी लिहिणार नाही. मीही केलेलं नाही. तो जेवायला बसला की मी त्याच्या डाव्या हाताकडे बघत नाही. तरी तो माझा भाऊ आहे, आणि त्याने न केलेल्या गोष्टीसाठी त्याला मारू देणार नाही. केलेल्या गोष्टीचं तू आणि तो बघा.

आता कामाचं. उपटू नका. सरस गरम पाण्याने सुटतो. जाड फडकं गरम पाण्यात भिजवून पिळायचं, ठोकळा आणि फळीच्या सांध्यावर धरायचं, थंड झालं की बदलायचं. घाई नाही करायची. मग पातळ सुरी सरकवायची, टोक नाही, पातं आडवं. लाकडाला पाणी पिऊ द्यायचं नाही, लगेच कोरड्या कापडात दाबून ठेवायचं, नाहीतर वाकेल. पाठीच्या खाचांत सरस भरला असेल तो जुन्या दात घासायच्या ब्रशने काढ, खिळ्याने उकरू नकोस, अक्षरांच्या कडा जातील आणि अक्षरंच तर पाहिजेत. संग्रहालयवाले नाही म्हणाले तर मोठ्या साहेबांना सांग की पाठ दाखवल्याशिवाय तो ठसा खोटं बोलतोय आणि त्यांच्या भिंतीवरून बोलतोय. तेही नाही म्हणाले तर तिथेच दोन्ही बाजूंचे ठसे काढ, साहेबांची सही आणि शिक्का घे आणि ते घेऊन तू ये. नुसते कागद आले तर मी कुठूनतरी छापून आणलेत असं म्हणतील. तू आलीस तर म्हणणार नाहीत, कारण ज्याने तुझा नवरा बाहेर ठेवला त्याला सोडवायला तू कशाला खोटं बोलशील.

झोपायची सोय माझ्या खोलीत आहे. लाँड्रीच्या मागे आहे, वाफ येते, ऊब असते. गादी एकच आहे, मी खाली झोपेन.

ट्रक तुमच्याकडून शुक्रवारी निघतो आणि इथे शनिवारी, आठ तारखेला दुपारी पोचतो. निकाल बुधवारी बारा तारखेला. त्यानंतरच्या ट्रकने काही आलं तर मला त्याचा उपयोग नाही. मी शनिवारी सिमेंटच्या गोदामापाशी उभी असेन. ट्रकमधून तू उतर, नाहीतर ठोकळा उतरव, नाहीतर एका कागदावर नाही एवढं लिहून ट्रकवाल्याच्या हातात दे. 'नाही' असं लिहिलंस तर मी ते घेऊन भावाकडे जाईन आणि जाळीतून त्याला वाचून दाखवीन, त्याला ते तुझ्याकडून ऐकायचा हक्क आहे. पण मागच्यासारखी गप्प बसू नकोस. शनिवारी, आठ तारखेला, मला उत्तर पाहिजे.

वहिनी